ठिपकेवाले

माणूस म्हातारा झालाय की नाही, हे मी जन्मतारखेवरून कधी ठरवलं नाही. बसच्या पायऱ्यांवरून ठरवलं. विमानतळाबाहेर आमची बस उभी असायची, दाराशी मी हातात यादी घेऊन, तोंडभर हसत, ‘या, या, सावकाश’ म्हणत उभा. पण डोळे लोकांच्या पायांवर. एका पायरीवर एक पाय, पुढच्या पायरीवर दुसरा, असा जो चढेल तो आपला. एकाच पायरीवर दोन्ही पाय आणायचे, दांडी धरायची, दम खायचा आणि मग पुढची पायरी, असा जो चढेल त्याच्या नावापुढे मी पेन्सिलीने ठिपका द्यायचो. बारीकसा. चुकून कुणाला दिसला, तर पेन्सिल टेकली असेल असं वाटावं इतका.

हा ठिपका माझाच शोध. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा केवढा तोरा होता.

तेवीस ते एकोणतीस अशी सहा वर्षं मी एका पर्यटन कंपनीत टूर मॅनेजर होतो. गरम समुद्रातल्या एका बेटावर माणसं न्यायची आणि परत आणायची. मोठ्या बेटावर हॉटेल, बाजार, सगळं. तिथून बोटीने तासाभरावर धाकटं बेट. लोक पैसे भरायचे ते खरं त्या धाकट्या बेटासाठी. तिथे धक्का नव्हता. बोट गुडघाभर पाण्यात थांबायची, बाजूच्या शिडीने उतरायचं आणि प्रवाळाच्या दगडांवरून वाळूपर्यंत चालत जायचं. तरुण मंडळी पाच मिनिटांत पार. वयस्कर माणसं म्हणजे उतरायला अर्धा तास, चढायला अर्धा तास. एकाची चप्पल वाहून जायची, दुसऱ्याला भोवळ यायची, तिसऱ्या बाईंना मध्येच आठवायचं की गोळी राहिली. आणि या सगळ्यात जायचा तो माझा तास.

लोक वाळूवर पसरले की मॅनेजरला एक तास मोकळा मिळायचा. मी त्या तासात पोहायचो. ऑफिसात मला पाणकोंबडा म्हणायचे. त्या एका तासासाठीच मी ती नोकरी करत होतो म्हटलं तरी चालेल. तो तास म्हाताऱ्यांच्या चपला शोधण्यात घालवायला माझा जीव होत नव्हता, एवढीच गोष्ट. म्हणून ठिपका.

ठिपकेवाल्यांना धाकट्या बेटाच्या दिवशी मोठ्या बेटाच्या धक्क्यावरच ठेवायचं. तिथे झावळ्यांची एक शेड होती, दोन लांब बाकं होती, शहाळी मिळायची. सकाळी दहा ते दुपारी चार. आता पैसे भरलेल्या माणसाला ‘तुम्ही बसा’ असं कसं सांगणार? त्यासाठी मी एक वाक्य तयार केलं होतं. ‘तुम्ही भरलेल्या फॉर्मवरून विमावाल्यांनी बोटीची यादी केलीय. माझ्या हातात असतं तर तुम्हाला आधी बसवलं असतं.’ विमावाले कोण, कुठले, कुणाला ठाऊक. जो समोर नाही त्याच्याशी भांडणार कसं? लोक हिरमुसायचे, पण माझ्यावर चिडायचे नाहीत, उलट मलाच म्हणायचे, तुमचा काय दोष. दुसरं वाक्य तर मी मान तिरकी करून आरशासमोर घोटलं होतं. मागाहून आलेल्या तीन नव्या मॅनेजरांना मी ते ठिपक्यासकट शिकवलं. त्यांनी आणखी कुणाला शिकवलं असेल.

त्या काळात एका वर्षी कंपनीने मॅनेजरांना घरच्या एका माणसाची जागा फुकट दिली. मी आईला नेलं. वडील नव्हते, आणि आईने उभा जन्म एका लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी काढला होता. समुद्र तिने चित्रातच पाहिलेला. तिने प्रवासासाठी नवी पर्स घेतली होती. त्या पर्सला मोठी कडी होती, ती दर पाच मिनिटांनी उघडून मिटायची. विमानतळावर ती माझ्याकडे बघून हसली आणि बसमध्ये चढली. एका पायरीवर दोन्ही पाय. मग दम. मग पुढची पायरी.

मी ठिपका दिला.

आईला बोटीत घेतलं आणि बाकीच्या सात जणांना धक्क्यावर ठेवलं, तर ते मला फाडून खातील, असं मी स्वतःला समजावलं. तसं काही नव्हतं. तिला बोटीतून हाताला धरून उतरवायला मलाच लागलं असतं, आणि मला पोहायचं होतं. धक्क्यावर आठही जणांना मी तेच वाक्य ऐकवलं, आईकडे बघतच ऐकवलं, आणि ती शेजारच्या बाईंना म्हणाली की माझा मुलगा तरी काय करणार, वरूनच आलंय ना ते.

चार वाजता परत आलो तेव्हा ती बाकावर बसली होती, पर्स मांडीवर. मी केस पुसत होतो. तिने विचारलं, तिथे काय काय होतं रे? मी घाईतच सांगितलं. पाणी इतकं नितळ की आहे की नाही तेच कळत नाही, हवेत उभं राहिल्यासारखं वाटतं. कडेला रांगेने उभं राहिलं की काळ्या रेघेचे बारके पिवळे मासे येतात आणि पायाच्या अंगठ्याजवळ टोचतात. गुदगुल्या होतात. मग कुणी विनोद केलेला नसताना सगळी रांग हसत असते. एवढंच सांगितलं आणि माणसं मोजायला गेलो.

घरी आल्यावर आईने आख्ख्या इमारतीला सांगितलं की ती धाकट्या बेटावर जाऊन आली. कपडे गुडघ्यापर्यंत वर धरून कशी पाण्यात उतरली, अंगठ्याजवळ मासे कसे टोचले, रांगच्या रांग कशी हसत सुटली. मी ऐकलं आणि मनात म्हटलं, काय थापा मारते ही. खोडून मात्र काढलं नाही. माझं काही बिघडत नव्हतं, उलट आईला बेट दाखवणारा मुलगा म्हणून माझं नाव होत होतं.

तीन वर्षांनी माझं लग्न झालं. मी फिरती सोडून ऑफिसातलं तिकिटांचं टेबल घेतलं. आईचं आणि बायकोचं चांगलं जमलं. पुढची अकरा वर्षं, आई जाईपर्यंत, धाकट्या बेटाची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा झाली की माझ्या लेकीला ती पाठ होती. बायकोच्या तर मनातच बसली. ती बालवाडीत शिकवायची. दिवसभर त्या वीतभर खुर्च्यांवर बसायचं आणि उठायचं. संध्याकाळी पाय चोळता चोळता म्हणायची, सासूबाईंच्या अंगठ्याला मासे टोचले, मग माझ्या का नाही? एकदा न्या ना. मी म्हणायचो, जाऊ की, रिटायर झालो की जाऊ, बेट काय पळून जातंय?

बेट पळून गेलं नाही. तिचे गुडघे गेले.

यंदा लेकीने तिकिटं काढून हातात ठेवली. आईबाबा, आता कारणं नकोत, म्हणाली. मी सदुसष्ट, बायको चौसष्ट. तयारीलाच आमचा महिना गेला. तरुणपणी मी एका पिशवीत दोन शर्ट कोंबून निघायचो आणि आता कपड्यांची एक बॅग, औषधांची एक, आणि कुठल्या बॅगेत काय आहे त्याची यादी तिसरीत. पूर्वी गिऱ्हाईकं उतरल्या उतरल्या संडास कुठे आहे विचारायची, तेव्हा मी मागे जाऊन हसायचो. आता विमानतळावरचा प्रत्येक संडास मला तोंडपाठ आहे. बायकोने तर खास पाण्यातून चालायचे रबरी बूट आणले, निळे, पुढून उघडे, दगड टोचू नयेत म्हणून. घरातच घालून स्वयंपाकघर ते गॅलरी अशी चालून बघायची. बोटं उघडी राहतात ना, विचारायची. मासे यायला हवेत.

उतरलो. बाहेर बस उभी होती. दाराशी आमची टूर मॅनेजर, पंचविशीची चुणचुणीत पोरगी, हातात पाटीला लावलेला कागद. ‘या काका, या काकू, सावकाश,’ म्हणत हसत होती. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते पायांवर होते.

माझ्यापुढे चार माणसं होती. बायको माझ्या मागे, गळ्यातली बॅग सावरत. तिला वळून सांगायला हवं होतं की अगं, कितीही दुखलं तरी एका पायरीवर एकच पाय टाक, तीनच पायऱ्या आहेत, दात खाऊन चढ. दोन वाक्यांचं काम. पण ती विचारणार, का? आणि एकदा ‘का’ आलं की सगळंच बाहेर आलं असतं, आईपर्यंत. मी वळलोच नाही. आणि मग मी जे केलं ते आठवलं की अजून कानाच्या पाळ्या तापतात. मी दांडीला हात न लावता, पोट आत घेऊन, तीन पायऱ्या टणाटण चढून गेलो. वर जाऊन मागे पाहिलं. बायको पहिल्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून उभी होती, दम खात, आणि माझ्याकडे कौतुकाने बघत होती. ‘काय हो, बेट बघून वयच उतरलं वाटतं तुमचं,’ म्हणाली.

पोरीचं पेन कागदावर टेकलं आणि उचललं गेलं.

धाकट्या बेटाचा दिवस तिसरा होता. म्हणजे माझ्या हातात दोन दिवस होते. त्या पोरीला बाजूला घेऊन सांगायचं, बाई, मीही याच धंद्यातला, तो ठिपका खोड, काकूंना हाताला धरून मी उतरवेन, तुझा तास मी खाणार नाही. यात अवघड काय होतं? पण मग तीही विचारणार, काका, ठिपक्याचं तुम्हाला कसं माहीत? आणि पर्यटकांच्या गप्पा जेवणाच्या टेबलावर पसरायला वेळ लागत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी हिय्या करून तिच्या टेबलापाशी गेलो. काय हवंय काका, तिने अगदी गोडीत विचारलं. मी म्हणालो, एक जास्तीची उशी मिळेल का? उशी घेऊन खोलीत आलो. बायको म्हणाली, माझ्या गुडघ्याखाली द्यायला आणलीत ना, किती लक्ष असतं तुमचं. मी उशी तिच्या गुडघ्याखाली सारली. दुसऱ्या दिवशी तर मी त्या टेबलाच्या बाजूलाच फिरकलो नाही, लांबच्या जिन्याने ये-जा केली. दोन्ही दिवस बायको मला तेच तेच विचारत होती, सासूबाई कुठे उतरल्या, कुठल्या बाजूला मासे जास्त. आणि मी सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावर गेलो. चाळीस-एक वर्षांत सगळं बदललं, पण शेड तीच. झावळ्यांच्या जागी पत्रा आला होता, बाकं मात्र तशीच, लांबलचक. पोरीने नावं वाचली. नवविवाहित जोडपी, एक डॉक्टर आणि त्यांची मुलं, एक बँकवाला, आणि मी. बायकोचं नाव आलं नाही. अजून चौघांचं आलं नाही. बायको निळे बूट घालून तयार होती. तिला वाटलं, नजरचुकीने राहिलं असेल. ती पुढे झाली आणि म्हणाली, माझं राहिलं बघ गं बाळा.

पोरीने मान तिरकी केली. तीच मान. मी आरशासमोर घोटलेली.

“काकू, तुम्ही भरलेल्या फॉर्मवरून विमावाल्यांनी बोटीची यादी केलीय,” ती म्हणाली. “माझ्या हातात असतं तर तुम्हाला आधी बसवलं असतं.”

एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. इतकी वर्षं तोंडातोंडी होऊनसुद्धा.

बायको माझ्याकडे वळली. ‘अहो, तुम्ही बोला ना. तुम्ही याच धंद्यातले, तुम्हाला कळतं यातलं.’ पोरीने चमकून माझ्याकडे पाहिलं. बाकीचे चौघेही पाहू लागले. त्यात एक म्हातारे मास्तर होते, त्यांनी पाण्याची बाटली, टोपी, सगळा जामानिमा केला होता. सगळ्यांचे डोळे आशेने माझ्या तोंडाकडे. आणि मी, ज्याने ते वाक्य जन्माला घातलं तो मी, घसा साफ करून म्हणालो, “विमा म्हणजे विमा. त्यात कुणाचं चालत नाही.”

मास्तरांनी टोपी काढली. पोरीचा जीव भांड्यात पडला, दिसलंच मला.

मी बाकाकडे निघालो, बायकोबरोबर बसायला. निदान तेवढं तरी. पण ती अडून बसली. दोघांनी कशाला वाया घालवायचं, लेकीने एवढं केलंय. तुम्ही जा, म्हणाली. सासूबाईंना तुम्ही दाखवलंत, आता एकदा नीट डोळे भरून बघून या आणि मला सांगा. मी नको नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. पण समोर ते पाणी होतं, बोट डुलत होती, आणि मला वाटलं, खरंच, एकदा. मी गेलो. शेपूट घालून बोटीत जाऊन बसलो. बोट निघाली तेव्हा ती हात हलवत होती.

धाकट्या बेटाशी बोट थांबली. शिडीला चार पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवरून खाली दगडावर पाय टाकला तो सरकला, आणि मी बसकण मारावी तसा पाण्यात बसलो. छातीपर्यंत. एका नवऱ्या मुलाने आणि त्याच्या बायकोने मला दोन्ही काखांत धरून उभं केलं. मुलगा चांगला होता, हसला नाही, सावकाश काका म्हणाला. वाळूपर्यंत न्यायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. मला वाटेत दोनदा थांबावं लागलं. बसच्या तीन पायऱ्यांवर पोट आत घेता येतं हो, समुद्रात नाही घेता येत. त्या दोघांचा तेवढा वेळ मी खाल्ला.

वाळूवर बसलो. ओल्या पँटला वाळू चिकटली होती. समोर लांब पाण्यात कुणीतरी पोहत होतं, एकटंच, हात सपासप पडत होते. आमची मॅनेजर. मला तिच्यावर चिडता येईना. चिडायला तोंड हवं ना. ती तासभर पोहली आणि मी तासभर बघत बसलो.

निघायच्या आधी मी पाण्याच्या कडेला घोट्यापर्यंत पाय बुडवून उभा राहिलो. पिवळे मासे आले. काळी रेघ, तीच. अंगठ्याजवळ टोचू लागले. आजूबाजूची पोरं हसायला लागली. मला हसू येईना. माझ्या डोळ्यांसमोर सारखी ती पर्सची कडी येत होती, उघडणारी आणि मिटणारी. सहा तास. सहा तास ती काय बघत बसली असेल त्या बाकावर?

चारला परत आलो. बायको बाकाच्या टोकाला बसली होती. बॅग मांडीवर. पायात निळे बूट, कोरडे ठणठणीत. बाकीचे चौघे पेंगत होते. तिने माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं, पडलात की काय विचारलं, रुमाल दिला. मग सरकून जागा केली आणि म्हणाली, हं, सांगा आता, काय काय होतं?

मी सांगायला लागलो. पाणी इतकं नितळ की आहे की नाही तेच कळत नाही. हवेत उभं राहिल्यासारखं वाटतं. मासे आले, अंगठ्याजवळ टोचले. मग कुणी विनोद केलेला नसताना सगळी रांग... इथे माझं मलाच ऐकू आलं आणि मी गप्प झालो. ती माझ्याकडे बघत होती. टक लावून. ‘हसत होती,’ तिने माझं वाक्य पुरं केलं.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बायकोने फोन औषधांच्या डब्याला टेकवून उभा केला, मला शेजारी बसवलं. लेकीचा चेहरा नुसता फुलला होता. कसं झालं, गेलात का, मासे आले का, एका दमात दहा प्रश्न.

“आले की,” बायको म्हणाली. “अंगठ्याजवळ टोचले गं. अशा गुदगुल्या झाल्या की काय सांगू. मी कपडे गुडघ्यापर्यंत वर धरून उभी, आणि सगळी रांगच हसत सुटली.”

लेक टाळ्या पिटत म्हणाली, अगदी आजी सांगायची तसंच. आणि मग मला विचारलं, बाबा, आईचा पाण्यातला फोटो पाठवा ना. मी तोंड उघडलं. माझ्याआधी बायकोच म्हणाली की यांचे हात ओले होते, माझ्या नादात फोन भिजला असता, म्हणून मीच नको म्हटलं. किती सहज म्हणाली. मला पाठीशी घातलं आणि तिचा साधा सूरही बदलला नाही. लेक म्हणाली, हो ना बाबा, खूप सांभाळलं ना आईला? मी म्हणालो, हो.

आई थापा मारत नव्हती. हे मला चाळीस वर्षांनी, औषधाच्या डब्याला टेकवलेल्या फोनसमोर कळलं. तिने इमारतीतल्या कुणालाही हे कळू दिलं नाही की मुलाने तिला धक्क्यावर बसवून ठेवलं होतं.

फोन बंद झाला. बायको पलंगावर बसली, बूट काढले, एक एक करून बघितले. वाळूचा कणही नव्हता.

“सासूबाई गेल्याच नव्हत्या ना?” तिने विचारलं.

“नाही.”

“तुमचंच ऐकलेलं सांगायच्या.”

“हो.”

मग मी सगळंच सांगितलं. ठिपका, पेन्सिल, विमावाले, आरसा, माझा तास. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही, आणि तेच सोसवत नव्हतं. चिडली असती, दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. शेवटी तिने एकच गोष्ट विचारली. परवा विमानतळावर, तुम्ही बसमध्ये टणाटण चढलात, ते त्या ठिपक्यासाठी? तुम्हाला तेव्हाच माहीत होतं, ती काय बघतेय ते? मी मान हलवली. ती बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. मला ते पाय कुठे लपवू असं झालं.

‘मी मागे उभी होते हो तुमच्या,’ ती एवढंच म्हणाली. मग तिने बूट कागदात गुंडाळून बॅगेत ठेवले. लेकीला होतील, म्हणाली, नवेच आहेत.

उरलेले दोन दिवस आम्ही बाजार पाहिला, एक बाग पाहिली, दोन वेळा चांगलं जेवलो. ती माझ्याशी नीट बोलत होती. औषधं वेळेवर देत होती. तिसरा दिवस तेवढा आमच्या बोलण्यातून काढून टाकलेला होता.

परत निघायच्या सकाळी हॉटेलच्या दारात बस लागली. पोरगी दाराशी उभी होती, पण तिच्या हातात कागद नव्हता. ती बॅगा मोजत होती, कुणाच्या पायांकडे तिचं लक्षही नव्हतं. बायको पुढे होती. दांडी धरून तिने पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला, मग दुसरा. दम घेतला. पुढची पायरी. मी मागे. मी दांडी धरली. एक पाय ठेवला, मग दुसरा आणला, तिच्यासारखाच. उभा राहिलो. मग पुढच्या पायरीवर एक, आणि दुसरा.

ती वर पोचली होती. तिने वळून पाहिलं. मी दुसऱ्या पायरीवर दोन्ही पाय जोडून उभा होतो. तिच्या लक्षात आलं मी काय करतोय ते.

“आता कशाला?” ती म्हणाली. आणि खिडकीजवळच्या जागेवर जाऊन बसली.